विषयांतराचे मोल : 'द कॅचर इन द राय' या कादंबरीचे एक वाचन

प्रास्ताविक

जे. डी. सॅलिंजर यांची 'द कॅचर इन द राय' ही कादंबरी १६ जुलै १९५१ रोजी प्रसिद्ध झाली. किशोरवयीन मुलाच्या अस्वस्थतेचे चित्रण करणाऱ्या विसाव्या शतकातील कादंबऱ्यांमध्ये तिचा उल्लेख अग्रक्रमाने होतो. इंग्रजी साहित्याच्या अध्यापनात या कादंबरीचा परिचय सामान्यतः दोन सूत्रांत करून दिला जातो. नायक होल्डन कॉलफिल्ड हा प्रौढांच्या दांभिकतेविरुद्ध बंड करणारा मुलगा आहे, हे पहिले सूत्र. आणि निरागसतेकडून अनुभवाकडे होणारा प्रवास हा कादंबरीचा विषय आहे, हे दुसरे. ही दोन्ही सूत्रे चुकीची नाहीत. तथापि ती लक्षात ठेवून कादंबरी वाचली असता तिचा बराचसा भाग अनावश्यक वाटू लागतो. तलावातील बदके, इजिप्तमधील ममी, बेसबॉलचा हातमोजा, एका वर्गमित्राचा पोलिओ झालेला काका इत्यादी तपशील केवळ एका विस्कळीत मनाची बडबड म्हणून बाजूला पडतात.

प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन याच्या उलट आहे. होल्डनला जे सांगायचे आहे ते तो सरळ सांगू शकत नाही. ते त्याच्या विषयांतरांतच आढळते. कादंबरीतील प्रौढ माणसे, विशेषतः शिक्षक, ही विषयांतरे दोष म्हणून मोजतात. त्यामुळे कादंबरीचे वाचन हा अध्यापन व मूल्यमापन करणाऱ्या वर्गाच्या दृष्टीने केवळ वाङ्मयीन प्रश्न राहत नाही.

लेखक व कादंबरीची पार्श्वभूमी

सॅलिंजर यांचा जन्म १ जानेवारी १९१९ रोजी न्यूयॉर्क येथे झाला. त्यांचे स्वतःचे शालेय शिक्षणही सुरळीत नव्हते. मॅनहॅटनमधील मॅकबर्नी स्कूलमध्ये अभ्यासात अपयश आल्यानंतर त्यांना पेनसिल्व्हेनियातील व्हॅली फोर्ज मिलिटरी अकॅडमीत पाठविण्यात आले व तेथून ते १९३६ मध्ये उत्तीर्ण झाले. १९३९ मध्ये कोलंबिया विद्यापीठातील व्हिट बर्नेट यांच्या कथालेखनाच्या वर्गात ते बसले आणि बर्नेट यांच्याच 'स्टोरी' या नियतकालिकात १९४० मध्ये त्यांची पहिली कथा छापून आली. पुढे दुसऱ्या महायुद्धात ते अमेरिकन सैन्यात होते. ६ जून १९४४ च्या नॉर्मंडीवरील चढाईत त्यांनी भाग घेतला आणि १९४५ मध्ये युद्धजन्य मानसिक ताणामुळे त्यांना रुग्णालयात राहावे लागले. होल्डन हे पात्र त्यांच्या मनात पूर्वीपासून आकार घेत होते. 'आय'म क्रेझी' (१९४५) आणि 'स्लाइट रिबेलियन ऑफ मॅडिसन' (१९४६) या कथांत तो वाचकांसमोर आलेला होता. युद्धाचा प्रत्यक्ष उल्लेख कादंबरीत थोडाच आहे. मात्र मृत्यू पाहिलेल्या माणसाला त्याविषयी बोलण्यास भाषा सापडत नाही, हा अनुभव तिच्या मुळाशी असावा, असे मानण्यास जागा आहे.

कथानकाची रूपरेषा

सतरा वर्षांचा होल्डन कॅलिफोर्नियातील एका आरोग्यसंस्थेतून, आदल्या वर्षीच्या नाताळापूर्वी घडलेली हकिकत सांगतो. त्या वेळी तो सोळा वर्षांचा होता. पाचपैकी चार विषयांत नापास झाल्यामुळे पेन्सी या निवासी शाळेतून त्याला काढून टाकलेले असते. यापूर्वीही त्याच्या शाळा सुटलेल्या असतात. सुटी लागण्याची वाट न पाहता शनिवारी रात्री तो वसतिगृह सोडतो आणि सोमवारपर्यंत न्यूयॉर्कमध्ये भटकतो. हॉटेल, नाइट क्लब, टॅक्सी, नाट्यगृह, संग्रहालय असा तो फिरतो. अनेकांना दूरध्वनी करण्याचा विचार करतो. बहुतेक वेळा करत नाही. धाकटी बहीण फीबी हिला भेटण्यासाठी रात्री चोरून घरी जातो, पुढे आपले जुने शिक्षक अँटोलिनी यांच्याकडे जातो आणि तेथूनही पळून निघतो.

या सर्व घटनांच्या मागे एक मृत्यू आहे. होल्डनचा दोन वर्षांनी धाकटा भाऊ ॲली हा १८ जुलै १९४६ रोजी रक्ताच्या कर्करोगाने मरण पावला. त्या रात्री तेरा वर्षांच्या होल्डनने गॅरेजच्या सगळ्या खिडक्या मुठीने फोडल्या. हाताला दुखापत झाल्यामुळे तो रुग्णालयात होता आणि ॲलीच्या अंत्यविधीला उपस्थित राहू शकला नाही. त्या हाताची मूठ त्याला अजूनही नीट वळता येत नाही. हा सारा मजकूर कादंबरीच्या आरंभी येत नाही. तो पाचव्या प्रकरणात, एका निबंधाची गोष्ट सांगता सांगता, सहज आल्यासारखा येतो. अंत्यविधीला आपण नव्हतो ही गोष्ट तर विसाव्या प्रकरणापर्यंत वाचकाला कळत नाही.

हा क्रम महत्त्वाचा आहे. आपले बालपण, आईवडील, घराणे यांची रीतसर माहिती देण्याचे होल्डन पहिल्याच परिच्छेदात नाकारतो आणि डिकन्सच्या 'डेव्हिड कॉपरफिल्ड'चा (१८४९-५०) त्यासाठी तिरकस उल्लेख करतो. चरित्रात्मक कादंबरीची परंपरागत मांडणी मोडण्याचा हा डाव आहे, हे खरे. पण रीतसर सांगायचे झाल्यास ॲलीचा मृत्यूही रीतसर सांगावा लागेल, हेही तितकेच खरे आहे.

उत्तरपत्रिका आणि बदके

दुसऱ्या प्रकरणात होल्डन इतिहासाचे वृद्ध शिक्षक मि. स्पेन्सर यांचा निरोप घेण्यास जातो. स्पेन्सर दुष्ट नाहीत. ते आजारी आहेत, प्रेमळ आहेत आणि मुलाच्या भवितव्याची त्यांना चिंता आहे. परंतु त्यांनी त्याची उत्तरपत्रिका जपून ठेवलेली असते आणि ती ते त्याच्यासमोर मोठ्याने वाचून दाखवितात. इजिप्तवरील त्या तोकड्या उत्तरात होल्डनने एकच गोष्ट लिहिलेली असते. प्रेताचे चेहरे शतकानुशतके कुजू नयेत यासाठी प्राचीन इजिप्शियन लोक कोणती द्रव्ये वापरीत, हे आधुनिक विज्ञानालाही जाणून घ्यावेसे वाटते, अशा अर्थाचे ते उत्तर आहे. खाली शिक्षकांना उद्देशून एक टीप आहे. आपल्याला नापास केले तरी चालेल, असे तीत त्याने कळविलेले असते.

स्पेन्सर यांच्या दृष्टीने ही उत्तरपत्रिका अभ्यास न केल्याचा पुरावा आहे, आणि तसा तो आहेच. पण ॲलीविषयी कळल्यानंतर मागे वळून पाहिले असता दुसरी गोष्ट दिसते. संपूर्ण अभ्यासक्रमातून या मुलाच्या लक्षात राहिला तो मृत देह न कुजू देण्याचा उपाय. शेवटच्या भागात संग्रहालयात भेटलेल्या दोन लहान मुलांना तो ममींविषयी हेच पुन्हा उत्साहाने समजावून सांगतो. जे उत्तर गुणांच्या दृष्टीने शून्य आहे ते त्याच्या मनाच्या दृष्टीने सर्वांत प्रामाणिक उत्तर आहे.

याच भेटीत, स्पेन्सर यांच्याशी बोलण्याचे निभावत असताना, होल्डनच्या मनात सेंट्रल पार्कमधील तलाव गोठल्यावर तेथील बदके कोठे जात असतील, हा प्रश्न येतो. पुढे तो हाच प्रश्न टॅक्सीचालकांना विचारतो. एक जण त्याची थट्टा समजतो, तर दुसरा चिडून माशांविषयी बोलू लागतो. ज्याच्या पायाखालची जागा गोठून नाहीशी झाली त्याला कोणी येऊन घेऊन जाते काय, हा त्या प्रश्नाचा आशय आहे. थंडीत घराबाहेर फिरणाऱ्या मुलाचा तो प्रश्न आहे आणि थडग्यावर पाऊस पडत असता इतरांसारखे मोटारीकडे धावू न शकणाऱ्या ॲलीविषयीचाही तो प्रश्न आहे.

विषय सोडून लिहिलेला निबंध

चौथ्या प्रकरणात खोलीतील सहाध्यायी स्ट्रॅडलेटर होल्डनला आपल्यासाठी वर्णनपर निबंध लिहून देण्यास सांगतो. खोली, घर असे काहीही वर्णन करावे, एवढीच अट असते. होल्डन ॲलीच्या बेसबॉलच्या हातमोज्याचे वर्णन लिहितो. ॲली डावखुरा होता. मैदानात उभा असताना चेंडू खेळणारा कोणी नसेल तेव्हा वाचायला काही असावे, म्हणून त्याने त्या हातमोज्यावर हिरव्या शाईने कविता लिहून ठेवलेल्या होत्या. परत आल्यावर स्ट्रॅडलेटर चिडतो, कारण विषय घराचा होता आणि निबंध हातमोज्यावर निघाला. होल्डन तो निबंध फाडून टाकतो.

ॲलीविषयी होल्डनने लिहिलेला आणि दुसऱ्या कोणाच्या हाती पडलेला हा एकमेव मजकूर होय. तो दुसऱ्याच्या नावाने लिहिलेला आहे, हेही लक्षात घ्यावयास हवे. स्वतःच्या नावावर त्याने तो कदाचित लिहिलाच नसता. त्याला मिळालेला एकमेव अभिप्राय म्हणजे तो विषयाला धरून नाही. त्यानंतर लवकरच दोघांची मारामारी होते व होल्डन शाळा सोडून निघतो. मारामारीचे उघड कारण जेन गॅलॅघर या मुलीसंबंधीचा संशय हे आहे. परंतु फाडलेला निबंध त्याच्या लगेच आधी येतो, हा केवळ योगायोग मानता येत नाही.

अँटोलिनी आणि 'विषयांतर!' अशी आरोळी

चोविसाव्या प्रकरणात हे सूत्र उघडपणे चर्चेला येते. अँटोलिनी हे आता न्यूयॉर्क विद्यापीठात इंग्रजी शिकवितात. त्यांना होल्डन पेन्सीतील भाषण-वर्गाची हकिकत सांगतो. वक्ता विषयापासून ढळला की इतर मुलांनी 'विषयांतर!' असे ओरडावयाचे, अशी तेथील पद्धत होती. एक घाबरट मुलगा वडिलांनी घेतलेल्या शेताविषयी बोलू लागला आणि बोलता बोलता पोलिओ झालेल्या काकांकडे वळला. वर्गाने आरोळ्या ठोकल्या व त्याला कमी गुण मिळाले. होल्डनला मात्र ते भाषण सर्वांत आवडले. भलत्याच विषयावर बोलू लागल्याखेरीज आपल्याला खरोखर कशाविषयी बोलायचे आहे हे पुष्कळदा उमगत नाही, असा त्याचा युक्तिवाद आहे.

अँटोलिनी त्याला समंजसपणे विचारतात की काकांविषयीच बोलायचे होते तर त्या मुलाने आधीच तो विषय का निवडला नाही. अध्यापनशास्त्राच्या दृष्टीने हा प्रश्न निर्दोष आहे. पण होल्डन जे सांगत होता ते स्वतःविषयी होते, हे त्या प्रश्नाने निसटते. त्यानंतर अँटोलिनी शिक्षणाचे मोल सांगणारा जो उपदेश करतात तो कादंबरीतील सर्वांत विचारपरिप्लुत भाग आहे. आपल्यासारखेच गोंधळलेले लोक पूर्वी होऊन गेले व त्यांनी आपल्या यातनांची नोंद ठेवली, हे त्यांचे म्हणणे साहित्याच्या कोणत्याही अध्यापकाला पटावे असेच आहे. परंतु समोरचा मुलगा त्या वेळी थकलेला आहे, त्याचे डोके दुखत आहे आणि त्याला जांभया येत आहेत. उपदेश योग्य आहे. वेळ चुकलेली आहे.

रात्री जाग आल्यावर अँटोलिनी आपल्या डोक्यावरून हात फिरवीत असल्याचे आढळताच होल्डन घाबरून तेथून निघून जातो. त्या कृतीचा अर्थ कादंबरी निश्चित करीत नाही. पुढे होल्डनलाच आपली समजूत चुकली असेल अशी शंका येते. येथे जेम्स कॅसल या मुलाची आठवण ठेवणे आवश्यक आहे. होल्डनच्या पूर्वीच्या एका शाळेत, बोललेला शब्द मागे न घेतल्याबद्दल छळ झालेल्या या मुलाने खिडकीतून उडी मारली होती. त्या वेळी त्याच्या अंगात होल्डनकडून मागून घेतलेला स्वेटर होता. हजेरीपटावर त्याचे नाव होल्डनच्या नावाच्या लगेच आधी होते. त्याचा देह पडलेला असता जवळ जाऊन आपल्या कोटात गुंडाळून उचलून नेणारे एकमेव माणूस अँटोलिनी हेच होते. पडलेल्याला उचलण्याचे धैर्य असलेला शिक्षक, पडण्याच्या बेतात असलेल्या मुलाचे ऐकण्यात कमी पडतो, ही या प्रकरणाची शोकात्मता होय.

चुकीचे ऐकलेले गाणे

फीबी दहा वर्षांची आहे. उपदेश न करता ती नेमका प्रश्न विचारते. तुला आवडते असे एक तरी सांग, असे ती म्हणते तेव्हा होल्डनला प्रथम दोन नन आणि जेम्स कॅसल आठवतात. मग तो ॲलीचे नाव घेतो. ॲली आता नाही, हे ती स्पष्टपणे म्हणते. संपूर्ण कादंबरीत हे वाक्य त्याच्यासमोर उच्चारणारी ती एकटीच आहे.

कादंबरीचे शीर्षक याच संवादातून आले आहे. रायच्या उंच पिकात खेळणारी मुले कड्यावरून खाली पडू लागली तर त्यांना पकडावे, एवढेच आपल्याला व्हायचे आहे, असे होल्डन सांगतो. ही कल्पना त्याने रॉबर्ट बर्न्सच्या १७८२ मधील एका गीतावरून घेतलेली आहे. पण त्याने ते चुकीचे ऐकलेले असते. मूळ गीतात 'भेटणे' हे क्रियापद आहे, 'पकडणे' नव्हे, हे फीबी त्याच्या लक्षात आणून देते. या चुकीतच त्याचे दुःख साठलेले आहे. एका मुलाला तो पकडू शकला नाही. इंग्रजीतील 'कॅचर' हा बेसबॉलमधील चेंडू झेलणाऱ्या खेळाडूसाठीही वापरला जाणारा शब्द आहे. त्यामुळे ॲलीचा हातमोजा आणि कादंबरीचे शीर्षक यांत एक धागा जुळतो.

शेवटी सेंट्रल पार्कमधील मेरी-गो-राउंडवर फीबी फिरत असते. इतर मुलांप्रमाणे तीही सोनेरी कडे पकडण्यासाठी हात लांबवते. ती पडेल अशी धास्ती वाटूनही होल्डन तिला अडवीत नाही. पावसात भिजत तो बाकावर बसून राहतो. पकडण्याच्या हट्टाकडून भेटण्याकडे झालेले हे स्थित्यंतर लहान आहे, पण कादंबरीत घडणारी वाढ हीच आहे.

आक्षेप व मर्यादा

या कादंबरीवर आक्षेपही पुष्कळ घेतले गेले. शिवराळ भाषा व लैंगिक उल्लेख यांमुळे अमेरिकेतील अनेक शाळांत तिला विरोध झाला. १९६० मध्ये ओक्लाहोमा राज्यातील टल्सा येथे ती वर्गात नेमल्याबद्दल एका शिक्षकास कामावरून कमी करण्यात आले. अपिलानंतर शिक्षकास परत घेतले गेले. पुस्तक मात्र अभ्यासक्रमातून गेले. डिसेंबर १९८० मध्ये जॉन लेनन यांची हत्या करणाऱ्याजवळ हे पुस्तक सापडल्यामुळे तिच्याभोवती विकृत कुतूहलाचे वलयही निर्माण झाले.

याहून विचारार्ह आक्षेप वाङ्मयीन आहे. होल्डन हा श्रीमंत वकिलाचा मुलगा आहे. त्याच्या दुःखाला पैशाचे संरक्षण आहे. तो खोटे बोलतो, इतरांना दांभिक ठरवितो आणि स्वतः तितकाच दिखाऊ वागतो. हे सर्व खरे आहे. प्रस्तुत वाचन त्याचे समर्थन करीत नाही. दुःख झालेला माणूस चांगलाच वागतो, असे ही कादंबरी कोठेही सुचवीत नाही. तसेच कादंबरीला केवळ मानसोपचाराचे प्रकरण मानणेही योग्य ठरणार नाही. तिच्यातील विनोद, बोलीचा नेमकेपणा आणि शहराचे चित्रण यांना स्वतंत्र मोल आहे.

मराठी वाचकाच्या दृष्टीने

मराठी वाचकाला या कादंबरीचे नाव अनेकदा भालचंद्र नेमाडे यांच्या 'कोसला'च्या (१९६३) संदर्भात भेटते. दोहोंतील साम्यांची चर्चा समीक्षेत वारंवार झालेली आहे. प्रभावाचा प्रश्न बाजूला ठेवला तरी एक साम्य येथे उपयुक्त ठरते. पांडुरंग सांगवीकराच्या निवेदनातही धाकट्या बहिणीचा, मनीचा, मृत्यू हे असे स्थळ आहे की जेथे त्याच्या उपरोधाची भाषा अपुरी पडते. भेदही स्पष्ट आहे. पुण्यातील शिक्षणात अपयशी ठरल्यावर पांडुरंगाला परतण्यासाठी गाव, शेत आणि नात्यांचा गोतावळा आहे, मग त्याच्याशी त्याचे पटो वा न पटो. होल्डनला आपल्याच घरात चोरासारखे शिरावे लागते. एका समाजात दुःख माणसांच्या गर्दीत मुके होते, तर दुसऱ्यात एकांतात. 'कोसला' वाचलेल्या विद्यार्थ्याला सॅलिंजर शिकविताना हा भेद दाखविणे फलदायी ठरू शकते.

समारोप

कादंबरीच्या अखेरच्या प्रकरणात संस्थेतील मनोविश्लेषक होल्डनला एकच प्रश्न पुनःपुन्हा विचारतो : येत्या सप्टेंबरात शाळेत गेल्यावर तू मन लावून अभ्यास करणार आहेस काय? स्पेन्सर यांच्या खोलीत सुरू झालेला प्रश्न येथपर्यंत बदललेला नाही. दरम्यान सव्वीस प्रकरणांचे दीर्घ विषयांतर घडून गेलेले आहे आणि ते पूर्ण ऐकलेले आहे ते फक्त वाचकाने.

वाचकाला ऐकणाऱ्याच्या जागी बसविणे ही या कादंबरीची खरी करामत आहे. म्हणून तिचे अध्यापन करताना होल्डन बरोबर की चूक, या चर्चेपेक्षा तो विषय कोठे बदलतो आणि तेथे काय येते, याचा शोध विद्यार्थ्यांकडून घेतला जावा. बदकांचा प्रश्न, ममींचे उत्तर व हातमोज्याचा निबंध हे तीन उतारे शेजारी ठेवून वाचले तरी हे साध्य होते. उत्तरपत्रिकेत विषयाला धरून न लिहिलेल्या मजकुराला गुण देता येत नाहीत आणि ते देण्याची मागणीही ही कादंबरी करीत नाही. स्पेन्सर यांनी दिलेले गुण बरोबरच होते. त्यांनी ते उत्तर मोठ्याने वाचले. त्यात काय लिहिले आहे ते मात्र वाचले नाही. गुणदान आणि वाचन ही दोन वेगळी कामे आहेत, एवढे ही कादंबरी अध्यापकासमोर ठेवते.